ज्याने उघडला, त्यानेच मिटायचा

डॉक्टर स्टुक्सबरींनी होबार्ट ट्रेडवेचा चाकू उघडला, तेव्हा त्यांच्या खुर्चीत ओपलबाई आ करून बसल्या होत्या. डॉक्टर दातांचे. पण आमच्या सॉर्घम गॅप गावात सगळ्यांना ठाऊक आहे, की दात हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग आणि जुने मिटते चाकू हा त्यांचा जीव. ओपलबाईंच्या दाढेला भूल चढायला अवकाश होता, तेवढ्यात ते चाकूचं वय सांगणार होते. त्यांनी दात बघायचा छोटा आरसा पात्याच्या बुडाशी धरला आणि नुसतंच "हं" म्हणाले.

होबार्ट समोर टोपी छातीशी धरून उभा होता. त्याचा मेहुणा क्लोव्हिस ओगल दारात रेंगाळत होता, म्हणजे धड आतही नाही आणि धड बाहेरही नाही.

"किती जुना आहे?" होबार्टने विचारलं.

"घाई करू नकोस. ज्याचं वय काढायचं, त्याला आधी तोंड उघडू द्यावं लागतं," डॉक्टर म्हणाले. ओपलबाईंनी उगाचच आ आणखी मोठा केला.

तो चाकू होबार्टच्या आजोबांचा. एज्रा ट्रेडवेंनी मरायच्या आधी तो अकरा वर्षांच्या नातवाच्या हातात ठेवला होता. तीन पाती, हरणाच्या शिंगाची मूठ, मुठीवर अंगठा घासून घासून पडलेला गुळगुळीत खळगा. कोर्टासमोरच्या बाकावर आमची म्हातारी मंडळी रोज देवदाराच्या काटक्या तासत बसतात. त्यातून कधीही काहीही तयार होत नाही, पायाशी ढलप्यांचा ढीग तेवढा होतो. तिथे होबार्ट हा चाकू काढायचा आणि सुरू व्हायचा. पुरात आजोबांनी याच पात्याने खेचराचे दोर कापले. याच पात्याने शेजारच्या गावच्या तालेवाराची दाढी उतरवली, आणि तीही त्याला न विचारता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला क्लोव्हिस सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "दाजी, तो चाकू काही तेवढा जुना नाही."

हे तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता. का म्हणतोस विचारलं, की काटकी तासत बसायचा. मेहुणा असल्यामुळे जळतो, असा गावाने त्याचा अर्थ लावला होता आणि क्लोव्हिसने तो कधी खोडला नाही.

आता गोष्ट बाकापुरती राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी होबार्टच्या थोरल्या नातीचं, आयव्हलीचं लग्न होतं. आदल्या, म्हणजे त्याच संध्याकाळी चर्चच्या तळघरात दोन्हीकडच्या माणसांचं जेवण होतं, आणि तिथे होबार्ट आपल्या आजोबांचा चाकू नातीच्या हाती देणार होता. तिने लहानपणीच तो मागून ठेवला होता. भर पंगतीत क्लोव्हिसने आपलं नेहमीचं वाक्य टाकलं असतं, तर होबार्टला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून डॉक्टरांच्या तोंडून साल वदवून घ्यायचं आणि मेहुण्याचं तोंड कायमचं बंद करायचं, असा बेत होता.

नवल म्हणजे बेत ऐकल्यापासून क्लोव्हिसच मागे सरत होता. "जाऊ द्या ना दाजी. जुना म्हटलं की झालं. वय काय बायकांना विचारतात का, तसं चाकूलाही विचारू नये."

"का, आता का टरकलास?"

"मी कशाला टरकू?" असं म्हणून तो दारातून आणखी थोडा बाहेर गेला.

डॉक्टरांनी मान वर केली. "रेडबर्ड कारखान्याचा आहे. कारखाना बंद पडून जमाना झाला. पात्याच्या बुडाशी त्यांचा तांबडा पक्षी कोरलेला असतो. महायुद्धाच्या आधीचा पक्षी डावीकडे बघतो, नंतरचा उजवीकडे. साठ साली त्यांनी पक्ष्याखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दर वर्षी एकेक ठिपका कमी करत गेले. म्हणजे पक्षी डावीकडे बघत असला तर तू जिंकलास."

"मग बघतोय कुठे?"

"मळाकडे. जन्मात कधी घासलायस का हा? ओपलच्या दाढेची याच्यापेक्षा बरी निगा आहे." त्यांनी पात्याच्या बुडाशी तेलाचे दोन थेंब सोडले. "थोडा वेळ मुरू दे. मग पुसला की दिसेल."

तेल मुरायच्या आधी फोन वाजला. डॉक्टरांची बायको होती. तिचा आवाज होबार्टलाही ऐकू आला, इतकंच काय, रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालाही आला. डॉक्टरांचा वळू, ज्याला ते कौतुकाने सिनेटर म्हणत, कुंपण मोडून चर्चमागच्या दफनभूमीत शिरला होता आणि पूर्वजांवर वाहिलेली फुलं खात सुटला होता. डॉक्टरांनी चाकू होबार्टच्या तळहातावर ठेवला, डगला काढला आणि ते धावले. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत होबार्ट तिकडे बघत राहिला. मग त्याने हाताकडे बघितलं. चाकू उघडा होता.

आमच्याकडे चाकू ज्याने उघडला, त्यानेच मिटायचा. उघडा दिला तर उघडाच परत करायचा. दुसऱ्याने मिटला की घरावर काहीतरी येतं. नेमकं काय येतं ते कोणी पाहिलेलं नाही, कारण मिटायची छाती कोणी केलेली नाही. फार पूर्वी एकाने केली होती म्हणतात, आणि त्याचं घर ओढ्यात वाहून गेलं. त्याने ते ओढ्यातच बांधलं होतं ही गोष्ट वेगळी.

होबार्ट चर्चच्या कारभारी मंडळात होता. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, हे तो चारचौघांत सांगत असे. पण उद्या नातीचं लग्न, आणि चाकू तिलाच द्यायचा. अशा वेळी कोणाचाही अविश्वास थोडा सैल होतो.

"डॉक्टरांच्या मागे जायला हवं," तो म्हणाला. "संध्याकाळच्या आत त्यांनी साल सांगून हा मिटला पाहिजे. तू जरा धर हा, मी गाडी काढतो."

क्लोव्हिसने दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझ्या हातात चाकू देऊ नका, दाजी. एकदा दिला होतात, तेवढं पुरे झालं."

होबार्ट घाईत होता. ते वाक्य त्याच्या कानावर आलं आणि तसंच पुढे गेलं. ओपलबाई अजून आ करून बसल्या होत्या. त्यांच्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

वाटेत धोब्याकडून लग्नाचा सूट घ्यायचा होता, आणि दुकान बंद व्हायला आलं होतं. गल्ल्यावर नॅशव्हिलहून नुकतीच आलेली मुलगी होती. सहा फूट उंचीचा म्हातारा हातात उघडा चाकू घेऊन "माझा काळा सूट दे" म्हणतोय हे बघून तिने दोन्ही हात वर केले आणि गल्लाही उघडून दिला.

"गल्ला नको गं बाई, सूट," होबार्ट कळवळून म्हणाला.

आतून मालक वाफेतून बाहेर आला. त्याने चाकू बघितला आणि शांतपणे विचारलं, "कोणी उघडला?"

"डॉक्टरांनी."

"आणि गेले कुठे?"

"वळूमागे."

"मग तू तरी काय करणार," असं म्हणून मालकाने सूट क्लोव्हिसच्या खांद्यावर टाकला. त्या मुलीने हात खाली घेतले, पण त्याच आठवड्यात ती नॅशव्हिलला परत गेली.

पिकअप होबार्टलाच चालवावी लागली, कारण क्लोव्हिसचा परवाना सरकारने काढून घेतला होता. एका हातात चाक आणि दुसऱ्या हातात चाकू, त्यात पात्यावरचं तेल ओघळून मनगटापर्यंत आलेलं. गाडी रस्त्याच्या या कडेची विचारपूस करून त्या कडेला जात होती. मागून शेरीफच्या पोलिसाचा भोंगा वाजला. रँडल खाली उतरला आणि खिडकीशी येऊन वाकला.

"होबार्टकाका, सकाळपासूनच घेतलीये का?"

होबार्टने चाकू वर धरला. रँडलने तो बघितला, क्लोव्हिसकडे बघितलं आणि टोपी मागे सारली.

"कोणी उघडला?"

"डॉक्टर स्टुक्सबरी. ते चर्चकडे गेलेत."

"आणि उद्या आयव्हलीचं लग्न ना?" रँडलचा चेहरा गंभीर झाला. "आधी नाही का सांगायचं? या माझ्या मागे." आणि लाल-निळे दिवे लावून, भोंगा वाजवत त्याने पिकअपला वाट काढून दिली. गावाला वाटलं, राज्यपाल आले.

दफनभूमीत सिनेटर एका थडग्यावरची प्लास्टिकची फुलं थुंकून दुसऱ्या थडग्यावरची खरी फुलं खात होता. डॉक्टर तिथल्या सगळ्यांत उंच दगडावर चढून बसले होते, दोन्ही पाय वर घेऊन. तो दगड एज्रा ट्रेडवेंचा. ओगल मंडळींच्या कुठल्याही दगडापेक्षा आपला दगड उंच हवा म्हणून एज्रांनी तो जिवंतपणीच घडवून घेतला होता आणि रोज येऊन बघत असत. आज पहिल्यांदाच त्याचा कोणाला उपयोग झाला होता.

वळू मध्ये उभा होता. रँडलने भोंगा वाजवला, तर वळू रँडलकडे बघायला लागला. रँडलने भोंगा बंद केला आणि तो गाडीत बसला. होबार्ट चाकू घेऊन कुंपणाशी थांबला.

"त्याच्यासमोर चाकू नाचवू नकोस," डॉक्टर वरून ओरडले. "त्याचा गैरसमज होईल."

तेवढ्यात तळघराचं दार उघडलं आणि डेल्फिया बाहेर आली. होबार्टची बायको, क्लोव्हिसची थोरली बहीण. सकाळपासून ती तळघरात मक्याच्या पावाचे तवे चढवत-उतरवत होती, आणि बाहेर भोंगे कोण वाजवतंय ते बघायला आली होती. तिने दगडावरचे डॉक्टर बघितले, गाडीतला रँडल बघितला, कुंपणाशी चिकटलेला नवरा आणि त्याच्या मागे लपलेला भाऊ बघितला. मग तिने कमरेचा ॲप्रन सोडला, सिनेटरच्या तोंडासमोर एकदा झटकला आणि म्हणाली, "हो बाजूला." सिनेटर बाजूला झाला आणि कडेच्या गवताला लागला.

"चाकू उघडा कसा?" तिने नवऱ्याला विचारलं.

"डॉक्टरांनी उघडला."

"मग दे त्यांना, आणि मिटू दे एकदाचा. माझा पाव करपतोय."

होबार्टने हात उंच करून चाकू वर दिला. डॉक्टरांना सिनेटरचा अजून भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी दगडावर बसूनच खिशातला रुमाल काढला आणि पात्याचं बूड पुसलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. सिनेटरच्या चरण्याचा आवाज तेवढा येत होता.

"पक्षी दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

"कुठे बघतोय?"

"उजवीकडे."

क्लोव्हिस खोकला. होबार्टने घसा साफ केला. "तुम्ही उलटा धरलाय का बघा."

"उलटा धरला तर पाय वर होतील, होबार्ट. खाली ठिपकेही आहेत. मोजू दे." डॉक्टरांनी ओठ हलवत मोजलं, मग पुन्हा मोजलं. "सहा. दहा म्हणजे साठ साल, तर सहा म्हणजे एकोणीसशे चौसष्ट. यात शंका नाही." आणि खट्कन आवाज करून त्यांनी चाकू मिटला.

सगळ्यांची नजर आपोआप खाली उतरली. डॉक्टरांच्या दोन बुटांच्या मधोमध, ठसठशीत अक्षरांत, एज्रा ट्रेडवे एकोणीसशे एक्कावन्न साली देवाघरी गेल्याचं कोरलेलं होतं. डॉक्टरांनीही वाकून ते वाचलं. मग त्यांनी सभ्यपणे डावा बूट थोडा सरकवून आकडा झाकला.

होबार्टला खरोखर वाईट वाटलं होतं. पुरात कापलेले दोर, तालेवाराची दाढी, अंगठ्याचा खळगा, सगळं एकदम कोणा परक्याचं झालं होतं. अखेर तो क्लोव्हिसकडे वळला. "घे. जिंकलास. आज पंगतीत उभा राहून सांग सगळ्यांना."

क्लोव्हिसच्या खांद्यावर अजून सूट होता. त्याने टोपी काढली. "मला जिंकायचं नव्हतं, दाजी. मला कबूल करायचं होतं. इतकी वर्षं मी तेच करतोय."

"काय करतोयस?"

"आठवतं का, तुम्ही ताईला भेटायला आमच्या ओसरीवर यायचात? मी बारा वर्षांचा. तुमच्या दोघांच्या मध्येच बसून राहायचो."

"विसरेन कसा," होबार्ट म्हणाला. "मधमाशी परवडली असती."

"एक दिवस तुम्ही चाकू काढलात, मोठं पातं उघडलंत आणि माझ्या हातात दिलात. म्हणालात, जा, नदीवर जाऊन मासे पकड, आणि लवकर येऊ नकोस. मी गेलो. गांडूळ कापताना चाकू हातातून सुटला तो सरळ डोहात. बुड्या मारून मारून कान दुखले, पण सापडला नाही. आठवडाभर, आमचे काका गावाला गेलेत, चाकू त्यांच्या गळाच्या पेटीत राहिला, अशा थापा मारल्या, आणि तोवर गांडुळं विकली. मग लोखंडाच्या दुकानातून तसाच दिसणारा आणला. मूठ वाळूने घासली. तुम्ही घेतलात, खिशात घातलात आणि बघितलंसुद्धा नाहीत."

"खळगा?" होबार्टचा आवाज चिरकला. "अंगठ्याचा खळगा?"

"तो तुमचाच आहे, दाजी. तुम्हीच घासून पाडलात."

होबार्टने अंगठ्याकडे बघितलं.

"आणि वाईट काय, तर चाकू उघडाच बुडाला," क्लोव्हिस पुढे म्हणाला. "तुम्ही उघडलेला. कोणी मिटलाच नाही. अजून तळाशी उघडा पडलाय. त्यानंतर माझी कोंबड्यांची शेड जळली, आइस्क्रीमचं यंत्र फुटलं, दोन बायका गेल्या आणि दुसरीने कुत्राही नेला. मी दर वेळी म्हणायचो, आता दाजींना सांगून टाकू. आणि तोंडातून एवढंच निघायचं, की तो काही तेवढा जुना नाही. तुम्ही एकदा जरी नीट विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

होबार्ट हळूहळू हिशेब लावत होता. "थांब. त्याच दिवशी, तू नदीवर होतास तेव्हा..."

"तेव्हा तू मला लग्नाचं विचारलंस," डेल्फिया म्हणाली.

रँडलने गाडीची काच वर घेतली. होबार्टच्या चेहऱ्यावर एक विचार उगवताना सगळ्यांना दिसला, आणि डेल्फियालाही दिसला.

"बोल," ती म्हणाली. "काय म्हणत होतास?"

"काही नाही. पाव करपत असेल."

दगडावरून डॉक्टर अचानक ओरडले, "ओपल!" आणि उडी मारून दवाखान्याकडे पळाले. सिनेटर त्यांच्या मागे निघाला, आणि त्याला दफनभूमीतून बाहेर काढायचं काम आपोआप झालं.

संध्याकाळी तळघरात हॅम, मसाला भरलेली अंडी आणि केळ्याची खीर असं सगळं मांडलं गेलं. होबार्टने काळा सूट घातला होता. बाहीवर तेलाचा डाग होता आणि तोंडावर उदासी होती. चाकू द्यायचाच नाही, असं त्याने ठरवलं होतं. आयव्हलीने मात्र जेवण होताच हात पुढे केला. शेवटी त्याला सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं, की हा माझ्या आजोबांचा नाही, तो नदीत आहे, आणि तो तिथे कसा गेला ते क्लोव्हिस सांगेल. क्लोव्हिसने सांगितलं. गांडुळांपाशी मंडळी हसली आणि कुत्र्यापाशी हळहळली.

"आजोबा, मी आजोबांचा चाकू मागितला होता," आयव्हली म्हणाली. "कोणाच्या आजोबांचा, हे मी कुठे म्हटलं होतं? मी जन्मल्यापासून तो तुमच्याच खिशात बघतेय."

होबार्टने चष्मा काढून पुसला, नाक पुसलं, आणि चाकू तिच्या हातावर ठेवला. तो ठेवताना आपला अंगठा त्या खळग्यातून उचलायला त्याला थोडा वेळ लागला.

नवरदेव प्रेस्टन शिकागोचा, मोठा गुणी मुलगा. चाकू फुकट घेतला तर नातं कापलं जातं, म्हणून बदल्यात नाणं द्यायचं, हे त्याला आयव्हलीने आठवडाभर पढवलं होतं. त्याने लगेच खिशातून एक सेंट काढून आजोबांच्या हातावर ठेवला. सगळ्या तळघराने माना डोलावल्या. पोरगा शिकवलं तसं वागतो, असं ओगलांच्या बाजूलाही पटलं. डॉक्टरांच्या शेजारी बसलेल्या ओपलबाई सुजल्या गालाने हसल्या.

आयव्हलीने कौतुकाने मोठं पातं उघडलं, दिव्यापुढे धरून त्या पक्ष्याकडे बघितलं आणि चाकू प्रेस्टनकडे दिला. "बघ, किती सुंदर आहे."

प्रेस्टनने बघितला. "खरंच सुंदर आहे," तो म्हणाला, आणि भोवती लहान मुलं आहेत, कोणाला लागायला नको, म्हणून त्याने तो अलगद मिटला.

खट् आवाज तळघराच्या चारही भिंतींपर्यंत गेला. ओगल थांबले, ट्रेडवे थांबले, रँडलचा खिरीचा चमचा हवेत राहिला. क्लोव्हिसने डोळे मिटून घेतले. आयव्हलीचा चेहरा पांढरा पडला. नवरदेव सगळ्यांकडे बघत राहिला, आणि आपण नाणं कमी दिलं की काय असं वाटून पुन्हा खिसे चाचपायला लागला.

तेव्हा डेल्फिया खिरीचं भांडं घेऊन उठली. "खा रे सगळे," ती म्हणाली. "आमचा तर त्या दिवसापासून नदीत उघडाच पडलाय. पन्नासावर वर्षं झाली. काय बिघडलं?"

सगळ्यांनी होबार्टकडे बघितलं. होबार्टने तोंड उघडलं. बायकोकडे बघितलं. आणि ज्याने उघडलं होतं, त्यानेच ते मिटलं.